कॅसिनोला बंदी घालणारा परवाना मुक्त नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या महाविद्यालयांत सरकारी पैशातून तयार होणारे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली सर्वांना द्यावे, मात्र कॅसिनो, खाण कंपन्या आणि एकूणच नफ्याच्या कामासाठी ते वापरायला परवान्यातच बंदी असावी, अशी सूचना एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीने आपल्या दैनिकातील पत्रातून केली होती. तिच्या सूचनेचा पूर्वार्ध मला मनापासून पटला. उत्तरार्धाने तो पूर्वार्धच रद्द होतो, एवढे सांगायला हे पत्र.

मी डिचोली तालुक्यातला. खाणीवरची लाल माती पावसाबरोबर शेतात कशी उतरते ते आम्हाला कोणी सांगायला नको, आणि मांडवीतल्या कॅसिनोंबद्दलही माझे मत त्या मुलीहून वेगळे नाही. पण परवाना मुक्त की नाही, याची कसोटी आपल्या आवडीनिवडीवर ठरत नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने १९८६ साली ती प्रथम छापली. आज तिच्यात चार स्वातंत्र्ये आहेत: कोणत्याही कारणासाठी प्रोग्राम चालवणे, त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) अभ्यासून त्यात बदल करणे, प्रती दुसऱ्याला देणे आणि आपण बदललेल्या प्रतीही देणे. त्यांचे क्रमांक शून्य ते तीन. प्रोग्राम चालवण्याची मोकळीक इतकी गृहीत धरलेली होती, की ती यादीत मागाहून आली आणि सगळ्यांच्या आधी बसवायची म्हणून तिला शून्य मिळाले. विद्यार्थिनीची सूचना नेमकी या शून्यावरच घाव घालते. ‘कोणत्याही कारणासाठी’ म्हणजे वापरणाऱ्याच्या कारणासाठी. लिहिणाऱ्याला ते कारण पसंत असो वा नसो.

डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाने केलेल्या १९९७च्या नियमांवरून पुढच्याच वर्षी ‘ओपन सोर्स’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या जवळच्या कल्पनेची व्याख्या बेतली गेली. तिच्यातही कोणा व्यक्तीला, गटाला किंवा कामाच्या क्षेत्राला वगळायचे नाही, अशी दोन स्वतंत्र कलमे आहेत. हे नियम कागदावरच राहिले असेही नाही. जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीसाठीच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे’ असे एक निरुपद्रवी वाटणारे वाक्य आहे. त्या एका वाक्यापायी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि डेबियन दोघांनीही तो परवाना मुक्त मानायला नकार दिला. मेटा कंपनीचे लामा हे एआय मॉडेल ओपन सोर्स म्हणून मिरवले गेले. पण महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपनीने वेगळी परवानगी घ्यावी, अशी अट लामा २च्या परवान्यात आहे. तोही या कसोटीत बसत नाही.

कोणी म्हणेल, हा निव्वळ तांत्रिक काथ्याकूट आहे. मला तसे वाटत नाही. जिल्हा खनिज फाउंडेशनचा निधी खाणवाल्यांच्या पैशातून येतो; त्या निधीतल्या पाणीयोजनेचा हिशेब या सॉफ्टवेअरवर ठेवायचा की नाही? खाणीच्या धुळीची मोजणी करणाऱ्या संशोधकाने कंपनीकडून मानधन घेतले तर? आणि ‘नफा’ कोणाचा मोजायचा? म्हापशात पैसे घेऊन लोकांचे अर्ज भरून देणारा दुकानदार, गावोगाव सायकलवरून पाव विकणारा पोदेर, दोघेही धंदाच करतात. बंदी घालताना डोळ्यांसमोर मोठे मासे असतात, पण परवान्यातले शब्द लहानसहान सगळ्यांनाच लागू होतात. मोठ्यांकडे वकील असतात. घाबरून सॉफ्टवेअर बाजूला ठेवतो तो लहानच.

आणखी एक अडचण आहे. विद्यार्थी प्रकल्प शून्यातून लिहीत नाहीत, आधीच्या कोडवर उभारतात. त्यात जीपीएल या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मुक्त परवान्याखालचा भाग आला तर जादा बंधन घालताच येत नाही. २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत तर कोणी असे बंधन घातलेच, तर ते काढून टाकण्याचा हक्क प्रत घेणाऱ्याला दिला आहे.

बंदीचा मोह टाळल्याने काय साधते त्याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ साली क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली खुले केले, की श्रेय द्यावे आणि पुढची आवृत्तीही त्याच परवान्याखाली ठेवावी, एवढीच अट. तिथे ‘व्यापारी वापर नको’ असा शेरा मारला असता तर विकिपीडियाला तो मजकूर घेताच आला नसता, कारण व्यापारी वापर अडवणारा परवाना तिथे चालत नाही.

म्हणजे अटीच नकोत असे नाही. श्रेय मागता येते, प्रतीबरोबर सोर्स कोड मागता येतो, बदललेली प्रत त्याच परवान्याखाली द्यायला लावता येते. पैसेही घेता येतात. स्टॉलमन स्वतः १९८५च्या सुमारास ईमॅक्स या आपल्या एडिटर प्रोग्रामची टेप १५० डॉलरना विकत. विद्यार्थिनीचा खरा राग ‘आमच्या घामावर त्यांनी फुकट कमवावे’ यावर असेल, तर एजीपीएल हा जीपीएलचाच, ऑनलाइन वापरासाठी बेतलेला परवाना घ्यावा. कॅसिनोने तो प्रोग्राम बदलून ऑनलाइन ग्राहकांना वापरायला दिला, तर बदललेला सोर्स कोड त्या ग्राहकांपुढे ठेवावा लागेल. कार्यालयापुरताच वापरला तर बाहेरच्या कोणाला काही द्यावे लागणार नाही, हेही मान्य करावे लागेल. गोव्यातल्या खाणींवर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०१८मध्ये त्याच न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. ती लढाई न्यायालयात आणि ग्रामसभेत लढण्याची आहे. हिशेबाच्या प्रोग्रामच्या परवान्यावर तिचा भार टाकू नये.

त्याआधी एक काम मात्र महाविद्यालयांनी तातडीने करावे. कोड नुसता इंटरनेटवर चढवला म्हणून तो मुक्त होत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली कॉम्प्युटर प्रोग्रामलाही साहित्यकृतीचे संरक्षण आहे. परवाना जोडला नाही तर सगळे हक्क मालकाकडेच राहतात. हा मालक विद्यार्थी, संस्था की अनुदान देणारे खाते, हे प्रकल्प सुरू होतानाच लेखी ठरवून घ्यावे, कारण हक्क ज्याचा, परवाना त्यालाच देता येतो.

आपला,
एक निवृत्त संगणक शिक्षक, डिचोली