काका, आईला तिच्या माहेरचं पाणी दाखवलंत

ती. काकांस,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "असू दे, असू दे, ठेव आता" म्हणता आणि फोन ठेवता. दोनदा झालं तसं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण सुपा धरणावर नोकरी करून निवृत्त झालेल्या एका माणसानं आमच्या घरासाठी काय केलं, ते बेळगाव-खानापूरकडच्या लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

डिसेंबरात मी सहलीचा घाट घातला होता. आई, दादा-वहिनी, आम्ही दोघं आणि चार पोरं, अशी नऊ माणसं. एक रात्र काळी नदीच्या काठी, एक सुपा धरणाच्या तलावाकाठी, लाकडी केबिनमध्ये राहायचं. फोटो बघितले आणि धरणाखालच्या गणेशगुडीकडं नदीकाठच्या एका ठिकाणी आगाऊ पैसे भरून मोकळी झाले. मग कळलं, केबिन नदीला लागून आहे खरी, पण रस्त्यापासून खाली ६२ पायऱ्या, आणि धरायला कठडा नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. पैसे परत मिळाले नाहीत. आई म्हणाली, "तुम्ही जावा, मी घर राखते." त्यावर मी सहलच सोडून द्यायला निघाले होते. तेवढ्यात दादाच्या ऑफिसातल्या एकानं तुमचा नंबर दिला.

मला वाटलं होतं, तुम्ही दोन-चार जागांची नावं सांगाल. तुम्ही एकही जागा सांगितली नाहीत. उलट मलाच विचारत सुटलात. रात्री उठावं लागणारं कोण आहे? न्हाणीघर आत लागेल की बाहेरचं चालेल? सगळ्यात धाकटं पोर पाण्याला भितं की पाण्यात पळतं? (पळतं, काका. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही धास्तावला असता.) गाडी लागते कुणाला? आणि शेवटी, "आई मूळच्या कुठल्या?"

मी गावाचं नाव सांगितलं. जुन्या सुपा गावाजवळचं. आईचं लग्न होऊन ती खानापूर तालुक्यात आली, आणि तिच्या मागं ते गाव धरणात गेलं. मामांना रामनगरला जागा मिळाली. मग आईचं माहेर म्हणजे रामनगरच झालं. आम्ही सुट्टीत तिथंच जायचो. पाण्याकडं कधी कुणी नेलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तुम्ही फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणालात, "पोरी, तुझा बेत उलटा आहे. आधी नदी आणि मग तलाव नको. आधी वर जायचं, मग खाली यायचं. पाणी जातं तसं."

त्यानंतरचे चार दिवस रोज संध्याकाळी तुमचा फोन. माझी वही अजून तुमच्या वाक्यांनी भरलेली आहे. बेळगावातनं सकाळी लवकर निघा, खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट असं या, पेट्रोल रामनगरलाच भरा. अंधार पडायच्या आत पोचा, रस्त्यावर गवे येतात. पुढं रेंज नाही, म्हणून पत्ता कागदावर लिहून घ्या आणि पैसे रोख ठेवा. पोरांना अंगभर कपडे घाला, पाल्यापाचोळ्यात लोळू देऊ नका, रात्री अंगावर गोचीड आहे का बघा. उत्तर कन्नड जिल्ह्यात गोचीड चावून होणारा माकडताप आहे आणि तो उन्हाळ्याच्या तोंडावरच जास्त. हे मला एवढी वर्षं शेजारी बेळगावात राहून ठाऊक नव्हतं.

आणि नदीचं. ही एक गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगते. काळी नदी आभाळ बघून चढत नाही. सुप्याची भिंत १०१ मीटर उंच, तिच्या पायथ्याला वीजघर. विजेची मागणी वाढली की जनित्रं फिरतात आणि पाणी खाली सुटतं. लख्ख ऊन असतं, पाऊस महिनोन्‌महिने नसतो, तरी मघाशी ज्या खडकावर पोरं बसली होती तो खडक पाण्याखाली जातो. राफ्टिंगवाल्यांचं सगळं त्या सुटलेल्या पाण्यावरच चालतं. तुम्ही म्हणालात, "एका दगडावर खूण धर. ती ओली झाली की कुणाला विचारत बसू नको, पोरं वर घे." दांडेलीकडं संथ पाण्यात मगरी आहेत, तिथं पाय बुडवायलाही उतरायचं नाही, हेही तुम्ही तीनदा सांगितलंत. तिन्ही वेळा मी लिहून घेतलं.

तलावाकाठची केबिन तुम्ही स्वतः जाऊन बघून आलात, हे मला तिथल्या मालकीणबाईंनी सांगितलं. तुम्ही बोललाच नव्हता. त्यांच्या चार खोल्यांपैकी कोपऱ्यातली खोली तुम्ही आईसाठी मागून ठेवली होती. दारात एकच पायरी, तीही रुंद. आणि खाट भिंतीकडची ओढून खिडकीशी लावून घेतली होती.

फेब्रुवारीतलं पाणी खाली गेलेलं होतं. काठाची तांबडी माती उघडी पडलेली, तिच्यावर पाणी उतरत गेल्याच्या रेघा एकीखाली एक, आणि मधे वाळलेल्या झाडांचे काळे बुंधे. पोरं खाली पळाली. आई व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली, हातातला चहा तसाच. पंधरा-वीस मिनिटं ती काही बोलली नाही. वहिनी मला खुणेनं विचारत होती, काय झालं? मग आईनं समोरच्या डोंगराकडं बोट केलं. म्हणाली, "हा आमच्या परड्यातनं दिसायचा. पण एवढा बुटका नव्हता."

डोंगर तोच होता, काका. त्याच्या पायथ्याशी पाणी भरलंय म्हणून तो बुटका दिसत होता.

त्या रात्री ती खिडकीशी पडून बोलत राहिली. काळी आणि पांढरी नदी जिथं मिळायची तिथला बाजार, पावसाळ्यात होडी, परड्यातलं फणसाचं झाड, आजीची न्हाणी. माझ्या धाकटीनं विचारलं, "आज्जी, तुझं घर अजून खाली आहे का?" आई म्हणाली, "भिंती पडल्या असतील गं. जोतं असेल." मला पन्नाशी आली, पण आईच्या तोंडून हे एवढं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी खाली गणेशगुडीजवळ नदीकाठी गेलो. पोरांनी धनेश पाहिले, दोन, पंखांचा आवाज करत डोक्यावरनं गेले. दुपारी आमच्या खुणेचा दगड ओला झाला आणि मी तुमच्या सांगण्याप्रमाणं सगळ्यांना वर घेतलं. आई काठावर सावलीत बसली होती. म्हणाली, "हे वरचंच पाणी ना?" तेव्हा मला कळलं, तुम्ही आधी वर का पाठवलंत. आदल्या रात्रीचं ते सगळं घेऊन थेट घरी आलो असतो तर आईला जड गेलं असतं. नदीवर ती हसली, पोरांवर ओरडली, दोन घास जास्त जेवली.

घरी परतताना वाटेत रामनगरला थांबलो. आईनं मामीला सांगितलं, "जाऊन आले." मामीनं कुठं म्हणून विचारलं नाही.

बेळगावचा कुंदा पाठवला तर तुम्ही परत पाठवाल म्हणून पाठवला नाही. पण एक चूक झालीय आमच्याकडनं. तुम्ही आमच्यातल्या एकेकाचं सगळं विचारलंत, आणि आम्ही तुम्हाला तुमचं गाव कुठलं ते विचारलंच नाही. आईच्या ते मनाला लागून राहिलंय. "माझ्या गावाचं नाव ऐकून तो माणूस गप्प का झाला?" असं ती परवा म्हणाली.

येत्या रविवारी ती स्वतः फोन करणार आहे. तिचा तरी लगेच ठेवू नका. जेवायला या म्हणेल, तांदळाची भाकरी आणि फणसाची भाजी करणार आहे. या, काका.

आपली,
खानापूरच्या आईची बेळगावची लेक