वसईची वाडी आणि मुंबईची भाजी

महोदय,

घाटात दरड कोसळली किंवा नाशिक-नारायणगावच्या पट्ट्यात अवकाळी झाला की दुसऱ्याच दिवशी कोथिंबिरीची जुडी कितीला गेली याची बातमी छापून येते; मात्र मुंबईच्या उशाशी असलेल्या वसईच्या वाड्या, म्हणजे घरालगतच्या बागायती, एकामागून एक भराव घालून संपत आहेत, याची बातमी क्वचितच होते. या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमची वाडी जेमतेम वीस गुंठ्यांची आहे. वर नारळ, त्याखाली केळी, केळीच्या सावलीत अळू नि हळद, कडेच्या मांडवावर पडवळ व काकडी आणि मोकळ्या वाफ्यांत माठ-मुळा. पहाटे खुडलेला माठ सकाळच्या लोकलने दादरला पोहोचतो. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला आला आणि २०२५ साली २६ मे रोजीच येऊन ठेपला. महिनाभराच्या या फरकापुढे रोहिणी-मृगाचा हिशेब ठेवून बी टाकणाऱ्याने काय करावे? त्या मे महिन्यात आमचा माठ वाफ्यातच कुजला, काकडीचा मांडव आडवा झाला. पण केळी उभ्या राहिल्या, अळू तरारून वर आले आणि निचरा झाल्यावर पुन्हा फोकलेला माठ महिन्याभरात खुडायला आला. एकच पीक मैलोन्‌मैल घेणाऱ्या पट्ट्याला अशी सवड मिळत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटो थेट नेपाळमधून आणावा लागला होता, हे फार जुने नाही.

जवळच्या भाजीमुळे वाहतुकीचा धूर वाचतो, असे नेहमी सांगितले जाते. तो वाचतो, परंतु अन्नामुळे होणाऱ्या एकूण कर्ब उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा लहानच असतो. मला अधिक मोलाची वाटते ती वाडीची पाणी जिरवणारी जमीन, आणि तिच्यातले बावखल. पावसाचे पाणी या खोल तळ्यात साठते, हळूहळू मुरते आणि खाडीकडून सरकणाऱ्या खाऱ्या पाण्याला मागे रेटते. आमच्या शेजारचे बावखल दोन वर्षांपूर्वी पाडकामाच्या राडारोड्याने बुजवले गेले. तेव्हापासून आमच्या विहिरीचे पाणी एप्रिलमध्येच मचूळ लागते आणि त्यावर मिरचीचे रोप धरत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार अनेक दिवस पाण्यात होते. त्या पाण्याला मुरायला जागा कोठे उरली होती, हा प्रश्न तेव्हाही पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली लोक हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा ही केवळ निसर्गप्रेमींची हौस असल्याचे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात तो महानगराच्या ताटाचाही प्रश्न होता व आज तर तो अधिकच आहे. म्हणून उरलेल्या वाड्या विकास आराखड्यात शेतीसाठीच राखाव्यात, प्रत्येक बावखलाची नोंद महसुली दप्तरात करून ते बुजवणाऱ्यावर कारवाई व्हावी, आणि डोक्यावर पाटी घेऊन पहाटेची लोकल पकडणाऱ्या आमच्या बायांना स्टेशनाबाहेर दोन तास बसण्यापुरती हक्काची जागा मिळावी, अशी मागणी मी आपल्या पत्रातून करीत आहे.

आपला नम्र,
एक बागायतदार, वसई