सुध्या, गिअरबॉक्स उतरवला

प्रिय सुध्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील. फोनवर सांगितलं असतं, पण अर्ध्यात तोडून तू तुझंच सुरू करतोस. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, गोळ्या चालू आहेत.

तर गिअरबॉक्स उतरवला. घरी, गाडीखाली पाठ टेकून.

क्लच दाबताना फिरणारं रिलीज बेअरिंग गेलं होतं. क्लच दाबला की किंचाळायचं, सोडला की गप्प. उलटं असतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर आवाज आणि दाबल्यावर शांतता, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग उघडावं लागलं असतं. तेवढं वाचलं. इतक्या वर्षांच्या माझदा एमएक्स-५ला ही झीज होणारच. पण वस्तू मुठीत मावेल एवढी, आणि तिथवर पोचायला सायलेन्सरचा पाइप, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, स्टार्टर सगळं सोडवायचं. शिवाय गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलपर्यंत जाणारी ती अ‍ॅल्युमिनियमची लांब फ्रेम. ती काढली की गिअरबॉक्सला मागून आधारच उरत नाही, म्हणून आधी खाली जॅक. गाडी अर्थातच चार स्टँडवर. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्यांत तू एकटाच, आणि वहिनींना हे अजून माहीत नाही!

गिअरबॉक्स इंजिनला धरणारे वरचे बोल्ट दिसतही नाहीत. गिअरबॉक्सची शेपटी खाली सोडली की इंजिन मागे कलतं आणि तेवढीच फट मिळते. मात्र इंजिनच्या मागच्या टोकाचा सेन्सर फायरवॉलवर, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्यावर, आपटू नये म्हणून मध्ये लाकडाचा तुकडा घातला. मग एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून, पार मागून, चाचपडत. पहिला बोल्ट कुरकुरत सुटला तेव्हा मी एकटाच ओरडलो.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग, मागचं ऑइल सील सगळं नवं घातलं. पुन्हा एवढं कोण उघडणार?

चढवताना शेवटचा अर्धा इंच अडला. तू असतास तर म्हणाला असतास, बोल्ट लाव आणि आवळून ओढ. मी तेव्हाही नाही म्हणालो होतो, आजही नाहीच म्हणतो. खेचून बसवलं की केसिंगचा कान तुटतो, नाहीतर प्लेटचा मधला भाग वाकतो. मी गिअर टाकला, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकात प्रोपेलर शाफ्टचं पुढचं टोक, योक, घालून हळूहळू फिरवला. शाफ्टच्या आणि प्लेटच्या खाचा जुळल्या आणि गिअरबॉक्स आपणहून आत सरकला. तो आपल्या त्या जुन्या भांडणाचा निकाल समज. गिअरबॉक्सचं तेलही जीएल-४ दर्जाचंच घातलं. जीएल-५ वरून तू किती बोलायचास, पण त्यातलं गंधक गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोला मानवत नाही.

आता खरी गोष्ट. किंचाळणं गेलं, क्लच लोण्यासारखा झालाय. पण चौथ्या गिअरमध्ये, ८०च्या जरा पुढे, गिअरच्या दांड्यात बारीक थरथर लागते. कानाला काही नाही, फक्त हाताला. ती लांब फ्रेम परत लावताना गिअरबॉक्सची शेपटी नेमक्या उंचीवर धरून मगच बोल्ट आवळायचे असतात. मी मापून आवळले, दुसऱ्या दिवशी पुन्हा मापले. शाफ्टला खुणा केल्या होत्या, त्या जुळवूनच लावला, त्यामुळे तो प्रश्न नाही. दांड्याखालचं रबर नवं आणि कडक आहे, त्यातून येत असेल. की ही थरथर पूर्वीपासून होती, किंचाळण्यापायी लक्षातच आली नाही? रात्री डोळा लागता लागता हेच डोक्यात येतं. घरच्यांना विचारलं, ते म्हणतात गाडी छान चालते. त्यांना काय सांगू? ही गाडी माझ्याइतकी फक्त तूच चालवली आहेस. पूर्वी कशी होती ते तुझ्या हातालाच ठाऊक.

तुझी बदली झाली म्हणे, बरं झालं. चिनूच्या निकालाचं अभिनंदन, तिला वेगळं लिहितो. वहिनींना नमस्कार.

रविवारी ये. आधी तू चालव, मी काही सांगणार नाही. थरथर नवी आहे म्हणालास तर लगेच खाली शिरू, फ्रेमचे बोल्ट सैल करून उंची पुन्हा धरू. तुझा मोठा टॉर्क रेंच घेऊन ये.

तुझा,
मन्या