पंचवीस पिल्लांचा विसार

भांडुप,
अक्षय्य तृतीयेनंतरचा रविवार

प्रिय सुलू,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, त्याचं वाईट वाटतंय. काल मंदा भेटली आणि तिच्याकडून सगळं कळलं. भाऊजींची कंपनी बंद झाली, हिशेबाचे पैसे हातात आले, आणि त्यातून तू कोंबडीच्या पंचवीस पिल्लांचा विसार देऊन आलीस. लगेच फोन करणार होते, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस आणि हा सगळा आकड्यांचा मामला आहे. म्हणून कागद. शेवटपर्यंत वाच, मग हवी तेवढी भांड.

इकडे सगळे बरे. ह्यांची साखर ताब्यात आहे, माझी टाच दुखते. बस.

तू मंदाला म्हणालीस, अंडी घरची, भाजी घरची, महिन्याचा अर्धा खर्च वाचेल. सुलू, भाजीचं पुष्कळसं खरं होईल. अंड्यांचं मला पटत नाही, आणि ते का पटत नाही ते नीट मांडते.

मोठी कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. अंडी देवो, न देवो, खाते. साधी गावरान वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते आणि मध्येच अंडी बंद करून खुडूक होऊन बसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया ही जात परसात १६० ते १८० देते. आता भागाकार कर. ग्रामप्रियाचं एक अंडं म्हणजे २२० ग्रॅमच्या वर खाद्य. खाद्य किलोला चाळीस रुपये धर, अंडं पावणेनऊ रुपयांना पडलं, त्यात खुराडं, औषधं आणि तुझे हात धरलेलेच नाहीत. गावरानचं तर अर्ध्या किलोच्या वर जातं. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास देते, म्हणून कोपऱ्यावरचा अंडेवाला आपल्यापेक्षा स्वस्त विकू शकतो. सगळं खाद्य विकत आणून त्याच्याशी बरोबरी होत नाही.

हे झालं अंडी सुरू झाल्यावरचं. त्याआधी पाच महिने नुसतं खाऊ घालायचं. एक पिल्लू अंड्यावर येईपर्यंत सात-साडेसात किलो खातं. पंचवीस पिल्लं म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर, पहिलं अंडं दिसण्याआधी! आणि विकणाऱ्याने तुला सांगितलं का, की ही पिल्लं नर-मादी वेगळी न करता देतात? पंचवीसमधले बारा-तेरा कोंबडे निघणार. ते चौथ्या महिन्यात पहाटे चारला आरवायला लागले की तुमची अख्खी चाळ दाराशी. कापायचे म्हणशील, तर सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. सुरी कोण धरणार, तू? पाचवीत बेडकाच्या तक्त्याकडे बघूनही तू वर्गाबाहेर पळाली होतीस! अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, एवढं मात्र कायमचं लक्षात ठेव. तो लागतो फक्त पिल्लं काढायला.

दुसरी काळजी वेळेची. तू पिल्लं जूनच्या पहिल्या आठवड्यात आणते आहेस. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. बल्बखाली पिल्लं एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला पसरून चोच उघडी टाकली तर गरम होतंय; थर्मामीटरपेक्षा त्यांच्याकडे बघ. वीज गेली, सर आत आली, खाली पसरलेला भाताचा तूस ओला झाला, की रक्ती हगवण सुरू. तिचे जंतू ओलसर तुसात वाढतात आणि तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना आधी धरतात. मुंबईचा सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यात तुझं मागचं अंगण पश्चिमेला उघडं. नवशिक्या माणसाने पिल्लं वाढवायला याहून वाईट महिने शोधून सापडायचे नाहीत.

लशींचंही तसंच. मॅरेक्स या रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी देतात. पुढे पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा ही लस डोळ्यात थेंब टाकून, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची, अठ्ठाविसाव्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी टोचून. कुपी निदान शंभर मात्रांची येते, बर्फात आणायची, विरघळवली की तासा-दोन तासांत संपवायची. उरलेली फेकायची. चुकवली तर मानमोडी आठवड्यात खुराडं रिकामं करते. मान वाकडी, हिरवी हगवण, खेळ संपला.

म्हणून माझं ऐक. विसार सुटत असेल तर सोडवून घे, नाहीतर तारीख दसऱ्यानंतरची करून घे आणि पिल्लांऐवजी लसी झालेल्या, सोळा-अठरा आठवड्यांच्या चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, माग. एकेक महाग पडेल, पण नर निघायची भीती नाही, बल्ब नाही, लशीची कुपी नाही आणि महिन्या-दीड महिन्यात अंडी. आरे वसाहतीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे, दहिसरहून तुला जवळच, पैसे द्यायच्या आधी तिथे जाऊन चौकशी कर. चार तलंगा महिन्याला तेरा-चौदा किलो खातील आणि साठेक अंडी देतील. मुलांपुरती भरपूर झाली.

आणि चारच का? कारण तुझ्या घरचं खरकटं चार कोंबड्यांनाच पुरतं. खाद्यातला चौथा-तिसरा हिस्सा घरातून निघाला तरच अंड्याचा भाव खाली येतो. उरलेला भात, भाकरीचा चुरा, पालेभाजीचे देठ, कलिंगडाची साल, उकडलेली मासळीची डोकी, सगळं चालतं. लोणचं, पापड, खारट आमटी नाही; मीठ त्यांना सोसत नाही. कच्ची कडधान्यं, राजमा तर मुळीच नाही, बटाट्याची हिरवट सालं नाहीत. बुरशी आलेला पाव हा सगळ्यांत मोठा शत्रू. आपण म्हणतो कोंबडीला काय होतंय, पण त्या बुरशीचं विष तिच्या यकृतात जातं. अंड्याच्या कवचासाठी चुना लागतो: तिसऱ्यांची शिंपलं भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेव. अंड्याची टरफलंही चालतात, पण वाळवून बारीक चुरा करून. अख्खी टाकलीस तर त्या स्वतःची अंडी फोडायला शिकतात.

खुराडं चार बाय तीन फुटांचं पुरे. जमिनीपासून दोन फूट वर घे, म्हणजे पाणी तुंबलं तरी पाय कोरडे. जाळी घेताना फसू नकोस. दुकानात कोंबडीची म्हणून षटकोनी देतात, ती कोंबडीला आत ठेवते, पण घुशीला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घे. दहिसर नदीकाठ म्हणजे घूस, मुंगूस, बोका तिन्ही आले. पत्रा नैर्ऋत्येच्या बाजूला दीड फूट पुढे काढ, पाऊस तिकडून मारतो. आत दोन इंच जाडीचा बांबू आडवा, अंड्यांना एक फुटाची पेटी, खाली तीन-चार इंच भाताचा तूस. आठवड्यातून दोनदा उकर, ओला भाग काढून टाक. वाकल्यावर डोळे चुरचुरले तर समज की उशीर झाला. प्यायला कोंबडीमागे पाव लिटर पाणी, उन्हाळ्यात दुप्पट. आणि चाळ कमिटीची परवानगी लेखी घे, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातही विचारून ठेव. तोंडी "हो हो" म्हणणारेच पुढे तक्रार करतात.

एक गंभीर गोष्ट सांगते. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आपण महिनाभर चिकन बंद केलं होतं, आठवतंय ना? एकदम दोन-तीन पक्षी मेले तर नुसत्या हाताने उचलायचे नाहीत, अंगणात पुरायचे नाहीत, सरकारी पशुवैद्यकाला कळवायचं. मुलांना खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव.

आता म्हणशील, कुंदीने सगळ्यावर पाणी ओतलं. तू नेहमी हेच म्हणतेस. भोंडल्याच्या खिरापतीचं नावही मीच फोडलं असं तू अजून सांगत फिरतेस, आणि ते विमलने फोडलं होतं, हे मी मरेपर्यंत सांगणार. तर ऐक, पैसे वाचवायची जागा भाजीत आहे, आणि ती आजच सुरू होते.

कांदा, बटाटा, कोबी लावू नकोस. जागा खातात आणि बाजारात स्वस्त मिळतात. भेंडीची आठ-दहा रोपं असल्याशिवाय एक वेळची भाजी निघत नाही. आपले पैसे जातात ते जुडीने आणून निम्मं फेकतो त्यात: कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, मिरची, पालेभाजी. तीच लाव. मेथीची तर गंमत आहे. समुद्रमेथीच्या त्या इवल्या जुड्या आठव, रेतीतच होतात. पसरट खोक्याला खाली भोकं पाड, दोन-तीन इंच धुतलेली रेती भर, स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पसर. दोन आठवड्यांत उपटायला तयार. चार खोकी चार-चार दिवसांच्या अंतराने पेरलीस की खंड पडत नाही. लाल माठ महिन्याभरात, पालक कापून पुन्हा येतो. मायाळू आणि अळू यांना आपली दमट हवा मानवते. कोथिंबिरीचे धणे दोन फाकी करून भिजवून पेर, पण जून ते ऑगस्ट पत्र्याखालीच, नाहीतर सरींनी मुळाशी कुजते. आणि नेमकी तेव्हाच जुडी महाग असते, म्हणून तेवढी मेहनत परवडते.

पालेभाजीला तीन-चार तास ऊन पुरतं आणि सहा इंच माती. मिरची, टोमॅटो, वांग्याला सहा तास आणि फूटभर खोली. माती, कुजलेलं खत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, सारखं घे. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की पासष्ट-सत्तर लिटर होते. दोनदा धुऊन पाणी काढ, त्यात खार असतो. कुंडीच्या तळाला रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं घाल, तो फुकट देतो. मिरचीची पानं मुरडायला लागली तर चुरडामुरडा. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालून. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा नर फूल मादी फुलावर हाताने फिरव, नाहीतर इवली फळं पिवळी पडून गळतात. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पुसून कोरड्या. डेंग्यूचा डास तेवढ्या पाण्यात वाढतो.

कोंबड्या आल्या की त्यांची विष्ठा थेट कुंडीत टाकायची नाही, मुळं जळतात. सुक्या पाल्यात मिसळून दोन-तीन महिने कुजव. तोवर अमृतजल कर: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस ढवळत राहा, चौथ्या दिवशी दसपट पाणी घालून ओत. ही वाट प्रयोगशील शेतकऱ्यांच्या 'प्रयोग परिवार'वाल्या श्री. अ. दाभोळकरांची. प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यातून त्याच वाटेने बाग उभी केली.

गच्चीवरून आठवलं. सुनीलदादाने बोरिवलीची गच्ची देऊ केली म्हणे. तिथे वाफे बांधू नकोस, मी हात जोडते. ये-जा असलेल्या गच्चीला चौरस मीटरला १५० किलो भार धरलेला असतो. फूटभर ओली माती पाचशेच्या घरात जाते. ती इमारत किती जुनी आहे तुला माहीत आहे. हलक्या मिश्रणाच्या कुंड्या ठेव, त्याही मध्ये नाही, भिंती आणि बीमच्या रेषेवर.

तनूचा बारावीचा निकाल कधी? सासूबाईंचा गुडघा कसा आहे? भाऊजींना सांग, साठ्यात हात घालायची घाई करू नका. पहिले सहा महिने ते पैसे बँकेतच राहू देत. हे मी तुझ्यावर रागावून म्हणत नाहीये, झोप लागत नाही म्हणून म्हणतेय.

उद्या एक कर. सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चारला अंगणात ऊन कुठवर येतं तिथे खडूने रेघ मार आणि मला कळव. त्यावरून काय कुठे ठेवायचं ते सांगते. मंदाबरोबर मायाळूच्या फांद्या पाठवतेय, वीतभर तुकडे कर, दोन डोळे मातीत, दोन वर, आणि आठवडाभर सावलीत ठेव.

तुझी,
कुंदा