स्टेजवर धावून गेलेल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव तेव्हा बातम्यांत आलं होतं, पण ते इथे लिहीत नाही. मी त्या वेळी १९ वर्षांचा होतो, तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून ताई म्हणतो.

८ डिसेंबर २००४. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरातला अल्रोसा व्हिला क्लब. तुमच्याकडे रात्रीचे सव्वादहा वाजले असतील, आमच्याकडे पुण्यात ९ तारखेची सकाळ. डॅमेजप्लॅन या हेवी मेटल बँडचं पहिलंच गाणं चालू होतं, मागे ड्रम्सवर विनी पॉल, पुढे गिटारवर त्याचा सख्खा भाऊ डाइमबॅग डॅरेल. तेवढ्यात एक माणूस स्टेजवर चढला आणि त्यानं डॅरेलला गोळ्या घातल्या. पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, मी फक्त वाचलं. ते पुन्हा लिहवत नाही.

आम्हा तिघा मित्रांना सायबर कॅफेत कळलं. एकानं स्क्रीनवरची ओळ मोठ्यानं वाचली आणि वेळ संपेपर्यंत कोणी माउसला हात लावला नाही. पँटेरा हा या दोघा भावांचा आधीचा बँड; त्याच्या 'फार बियॉन्ड ड्रिव्हन'ची माझी कॅसेट इतकी वाजली होती की एका बाजूची फीत ताणून सूर खाली उतरला होता. त्यातली गिटार वाजवणारा डॅरेल ३८व्या वर्षी गेला.

मग उपदेश सुरू झाले. असला धांगडधिंगा ऐकला की डोकी फिरणारच, असं कॉलेजातल्या एका सरांनी भर वर्गात माझ्याकडे बघून सांगितलं. शेजारच्या काकांचंही तेच. मारणारा त्याचाच चाहता होता ना, हा सगळ्यांचा पुरावा. तो माणूस मनानं आजारी होता, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनसिनाटीला याच बँडच्या कार्यक्रमात स्टेजवर घुसला होता, तेव्हाच कोणी त्याच्याकडे नीट पाहिलं असतं तर? हे कोणाला विचारायचं नव्हतं. गिटारला दोष देणं सोपं होतं. मला मात्र उत्तर सुचलं नाही, मान खाली घालून बसलो. त्याची लाज अजून वाटते.

गेल्या आठवड्यात आमच्या कंपनीत प्रथमोपचाराचं शिबिर झालं. बाहुलीच्या छातीवर तळहात ठेवून निदान ५ सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मनात एखादा ताल धरा. माझ्या मनात आपोआप पँटेराच्या 'वॉक' गाण्याचा ठेका सुरू झाला. दोन मिनिटांत खांदे भरून आले, मनगटं थरथरायला लागली. बाई म्हणाल्या, आता दुसऱ्यानं घ्या. मी उठलो नाही. तिथेच रडायला लागलो, कारण तुम्ही आठवलात.

तुम्ही परिचारिका. आशा किती उरली आहे, हे तिथे तुमच्याइतकं कोणाला कळत होतं? तरी तुम्ही आणि आणखी एक श्रोता मदत येईपर्यंत डॅरेलची छाती दाबत राहिलात. तो वाचला नाही. पण शेवटी त्याच्या अंगावर जे हात होते ते त्याचं गाणं ऐकायला आलेल्या माणसांचे होते. कामावर नव्हतात तुम्ही. आमच्यासारख्याच, रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा वाजणारी धून, सुरू झाली की मान हलवायला आलेल्या. सरांना हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणि तुम्ही एकट्या नव्हतात. २३ वर्षांचा एक श्रोता असाच मदतीला वर चढला आणि गोळीला बळी पडला. क्लबचा एक कामगार आणि बँडचा सुरक्षारक्षक हेही गेले. मागच्या दारानं आत शिरून एका गोळीत ते सगळं थांबवणारे पोलिस अधिकारी जेम्स निगमायर नसते तर आणखी किती गेले असते. मेटल ऐकणाऱ्यांबद्दल कोणी नाक मुरडलं की आता मी ही माणसं मोजून दाखवतो. घाबरलेल्या गर्दीत कोणी असं उलटं वळलं, की मला त्याच्या जातीधर्माशी, आवडीनिवडीशी काही देणंघेणं उरत नाही. मी फक्त हात जोडतो.

विनी पॉलही २०१८ मध्ये गेला. दोघं भाऊ टेक्सासमध्ये आर्लिंग्टनला आईजवळ विसावले आहेत. तिथे जाणं मला कधी जमेल असं वाटत नाही. तुमचं कधी जाणं झालं, तर पुण्याहून एक फूल माझ्याही नावाचं ठेवा.

आणि ताई, त्या रात्री घरी पोचल्यावर तुमच्याजवळ कोणी बसलं होतं का? बसलं असेल, अशी मनापासून आशा आहे.

तुमचा,
पुण्याचा एक श्रोता