पक्यास, बाथरूमच्या पडद्याबद्दल

प्रिय पक्या,

परवा फोनवर हसलो त्याबद्दल आधी माफी. "शॉवरला पडदा कुठला घेऊ?" एवढंच विचारलंस आणि मी खिदळत सुटलो, तू चिडून फोन ठेवलास. अरे, या एका पडद्यापायी मी तीनदा पैसे घातलेत आणि एकदा भर आंघोळीत डोक्यात दांडी घेतली आहे. तुझा प्रश्न ऐकला आणि ते सगळं एकदम आठवलं. फोनवर उरकण्यासारखं प्रकरण नाही, म्हणून हे पत्र.

तू रंगापासून सुरुवात करतोयस. फरशी करडी आहे तर निळा शोभेल की पांढरा, वगैरे. मीही तेच केलं होतं. दुकानात पडदा कोरडा असतो, घडी घालून पिशवीत ठेवलेला, आणि तिथे कुठलाही बरा दिसतो. घरी आला की तो रोज भिजणार. पाणी काय, कुठलाही अडवेल. दुसऱ्या आंघोळीपर्यंत तो वाळेल का, हे विचार आणि मग रंगाकडे वळ.

माझा पहिला पडदा पीव्हीसीचा होता. पिशवी फोडली आणि घरभर नव्या रेनकोटासारखा वास सुटला. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते असं लुळं पडावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. नवेपणी त्यातली काही द्रव्यं हवेत सुटत राहतात आणि गरम पाण्याच्या वाफेत वास आणखी चढतो. चार दिवस बाहेर वाऱ्यावर टांगला असता तर बराच निवला असता, पण मला कुठला धीर! तुला प्लास्टिकचाच घ्यायचा असेल तर पीईव्हीए नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचा बघ. पीव्हीसीत असतं तसं क्लोरीन त्यात नसतं आणि वासही फार कमी येतो. फक्त तो पातळ असतो, भोकांपाशी लवकर फाटतो, आणि हलका असल्यामुळे अंगाला चिकटतो.

हे चिकटणं म्हणजे मोठी गंमत आहे. शॉवर सुरू केला की पडदा आत फुगतो आणि गार, ओला असा पोटरीला येऊन बिलगतो. मला वाटायचं, गरम हवा वर जाते, खालून गार हवा आत शिरते आणि पडद्याला ढकलते. पण मग गार पाण्यानेही तो आत का येतो? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेव्हिड श्मिट या प्राध्यापकाने शॉवरच्या जागेचे संगणकावर सुमारे ५०,००० बारीक कप्पे पाडून हे गणित मांडलं. पडणाऱ्या थेंबांमुळे आत हवेचा एक आडवा भोवरा तयार होतो, त्याच्या मध्यभागी दाब कमी असतो आणि पडदा तिकडे ओढला जातो, असं त्याला दिसलं. त्यासाठी त्याला २००१ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात ते. आपल्यापुरता अर्थ एवढाच की खालची किनार जड हवी. काही पडद्यांच्या दुमडीत वजनं शिवलेली असतात, ते घे. लोहचुंबकवालेही मिळतात, पण चुंबक धरणार कशाला? पोलादी टब असेल तर ठीक, टाइल्सवर त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय पडद्याच्या एका टोकाला चार बोटं फट ठेवून बघ. बाहेरची हवा तिथून आत येते आणि ओढ जरा कमी होते.

दुसरा पडदा जाड सुती. "प्लास्टिक नको, नैसर्गिक काहीतरी घेऊ," असं हिचं म्हणणं, आणि दिसायला तो खरंच देखणा होता. पण सूत साध्या हवेतूनसुद्धा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरून ठेवतं. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. हवेतून एवढी, मग शॉवरखाली किती, ते तूच बघ. आठवडाभरात पडदा ओल्या गोधडीसारखा लोंबायला लागला. दांडी होती स्प्रिंगची, भिंतीत भोक न पाडता दोन भिंतींमध्ये अडकवायची. लावताना टाइलवरचा साबणाचा मेणचट थर मी पुसलाच नव्हता. एका सकाळी डोळ्यांत शाम्पू असताना दांडी, पडदा, बारा कड्या, सगळं लवाजम्यासकट माझ्यावर आलं. ही बाहेरून विचारतेय, "काय पडलं?" आणि मी आत पडद्यात गुंडाळलेला.

स्प्रिंगच्या दांडीला मी नावं ठेवणार नाही. भाड्याच्या घरात तीच बरी. टाइल स्वच्छ पुसून कोरडी कर, मग लाव, आणि तिच्यावर हलकाच पडदा टाक. घर स्वतःचं असेल तर मात्र सरळ स्क्रू मारून घे. जागा अरुंद असेल तर बाहेर बाक दिलेली दांडी मिळते. कोपर हलवायला जागा होते आणि पडदाही अंगापासून लांब राहतो.

तिसरा पॉलिस्टरचा, पाणी न शोषणारा, खाली वजनं असलेला. गेली चार वर्षं तोच आहे. तुलाही तोच सांगेन. बाहेर कापडी आणि आत प्लास्टिकचं अस्तर अशी जोडी लावतात, ती टबवाल्यांसाठी चांगली: अस्तर टबाच्या आत सोडायचं, शोभेचा पडदा बाहेर. तुझ्याकडे टब नाही, तेव्हा दोन थर लावून मध्ये ओल कोंडून घेऊ नकोस.

आता माप. पडदे बहुधा १८० सेंटिमीटर रुंद आणि १८० किंवा २०० लांब असे मिळतात. अडवायची जागा १२० असेल तर १८० चा पुरे; दीडपट कापड असलं की चुण्या बेताच्या पडतात. जागेइतकाच, ताणून बसणारा घेतलास तर कडेने पाणी जाणार. दुप्पट घेतलास तर चुण्यांच्या आत वाळणार नाही. लांबी दांडीच्या खालून मोज आणि कड्यांचे तीन-चार सेंटिमीटर त्यातून वजा कर. खालची किनार फरशीपासून तीन ते पाच सेंटिमीटर वर राहू दे. लोळणारा पडदा साचलेलं पाणी पितो, आणि काळे डाग तिथूनच वर चढतात. आणि एक, राग मानू नकोस: फरशीचा उतार दाराकडे असेल तर कुठलाच पडदा तुला वाचवणार नाही. त्याला गवंडीच बोलाव. आधी एक तांब्या पाणी ओतून बघ कुठे धावतंय ते.

कड्यांत फार डोकं घालू नकोस. स्टीलच्या घे, गंजत नाहीत. पडद्याच्या भोकांना धातूचे वेढे असले तर तेही न गंजणारे आहेत ना, एवढं बघ.

वहिनी म्हणाल्या ना, जुन्या घरी पडद्याला गुलाबी चिकट थर यायचा आणि त्या "गंज, गंज" म्हणून घासायच्या? तो गंज नव्हे, ते जिवाणू. २००४ साली कोलोरॅडोच्या संशोधकांनी शॉवरच्या पडद्यांवरचा असा थर तपासला, तेव्हा त्यात स्फिंगोमोनास आणि मेथिलोबॅक्टेरियम हे प्रकार मुख्यतः सापडले. धडधाकट माणसाला सहसा त्रास होत नाही, पण घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर थर साचू देऊ नये. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारी राखाडी साय धरतात, आणि त्या सायीवर ही मंडळी ठाण मांडतात. म्हणून आंघोळ झाली की साध्या पाण्याने पडद्यावरचा फेस उतरव, दोनदा झटक आणि पूर्ण पसरून ठेव. एका बाजूला नीट गोळा करून ठेवलेला पडदा दिसतो छान, पण आतल्या घड्या दिवसभर ओल्या राहतात. आमच्याकडे आलेले पाहुणे हटकून तो गोळा करून ठेवतात आणि मी त्यांच्यामागून गुपचूप पसरायला जातो. ही म्हणते, तुला वेड लागलंय.

महिन्यातून एकदा धू. पॉलिस्टरचा मशीनमध्ये चालतो, ३० ते ४० अंशांवर, साबण बेताचा, आणि सोबत दोन जुने टॉवेल टाक. त्यांच्या घासण्याने थर सुटतो. कपडे मऊ करायचं द्रावण घालू नकोस, त्याने पाणी न शोषण्याचा गुण कमी होतो. प्लास्टिकचा असेल तर पिळायचा नाही, ड्रायरमध्ये तर मुळीच नाही. मी पीव्हीसीचा गरम पाण्यात धुतला आणि वाळल्यावर तो पापडासारखा झाला. पांढरी साय असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून अर्धा तास लावून ठेव. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालून फेस काढतात, तो दिसायलाच जोरदार; दोघं एकमेकांना मारतात आणि हाती उरतं जवळजवळ पाणी. काळ्या बुरशीला ब्लीच लागतं, पण ते वेगळ्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नकोस, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तू रसायनशास्त्रात कसा पास झालास ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

सुती पडद्यातले काळे ठिपके मात्र ब्लीचनेही गेले नाहीत. घर रंगवलं तेव्हा तो फरशीवर अंथरला आणि तिथे त्याने उत्तम काम केलं. अजून माळ्यावर आहे. तुझ्या घराचा रंग बाकी आहे ना? घेऊन जा.

दांडीच्या खालून फरशीपर्यंत किती आणि एका भिंतीपासून दुसरीपर्यंत किती, हे दोन आकडे टेपने मोजून कळव. टेपने म्हणतोय, वितीने नव्हे.

तुझाच,
मन्या