प्रदर्शनाचे तिकीट कशासाठी?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला युरोपच्या सहलीवरचा लेख वाचला. लंडनमध्ये खर्च कसा आटोक्यात ठेवावा हे लेखकाने आपुलकीने सांगितले आहे आणि त्यातले बरेचसे कुणाच्याही उपयोगी पडेल. मी अडलो ते एका सल्ल्यापाशी. नॅशनल गॅलरीत प्रवेश फुकट आहे, तेव्हा आतल्या तिकिटाच्या प्रदर्शनांच्या नादी लागू नये, तिथेही तीच जुनी चर्चमधली चित्रे असतात, असा तो सल्ला. ती 'तीच' नसतात, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवली. मुलगी नोकरीनिमित्त लंडनला असते. २०१४ मध्ये एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो, तेव्हा नॅशनल गॅलरीसाठी आम्हाला पाऊण तास मिळाला. व्हॅन गॉगची सूर्यफुले पाहिली, बाकी दालनांतून चालत गेलो. २०२५ मध्ये मुलीकडे महिनाभर राहिलो आणि 'सिएना : चित्रकलेचा उदय, १३००–१३५०' हे प्रदर्शन तीन वेळा पाहिले. आधी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आणि नंतर ८ मार्च ते २२ जून २०२५ या काळात लंडनला ते भरले होते. नॅशनल गॅलरीला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताचे हे प्रदर्शन. मांडलेल्या वस्तू शंभरावर होत्या, पण माझा जीव अडकला तो हातभर उंचीच्या आठ फळ्यांत.

सिएना हे फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला टेकड्यांवर वसलेले शहर. तिथल्या कॅथीड्रलच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य चर्चच्या, मुख्य वेदीसाठी १३०८ मध्ये दुच्चो या चित्रकाराला काम दिले गेले. तीन वर्षांनी, ९ जून १३११ रोजी, चित्र त्याच्या कार्यशाळेतून कॅथीड्रलमध्ये नेले, तेव्हा गावातली दुकाने बंद होती, घंटा वाजत होत्या आणि सगळे गाव मिरवणुकीत चालत होते. लोणंद-फलटणच्या वाटेवर माउलींची पालखी ज्याने पाहिली आहे, त्याला ते दृश्य वेगळे समजावून सांगायला नको. 'माएस्ता' नावाचा हा लाकडी पट चांगला दोन पुरुष उंच होता आणि दोन्ही बाजूंनी रंगवलेला होता. पुढून सिंहासनावर बसलेली मेरी आणि भोवती संत. मागून येशूच्या जीवनातले प्रसंग, एकापुढे एक. मेरीच्या पायाशी दुच्चोने आपले नाव घातले आहे : हे देवमाते, सिएनाला शांती दे आणि तुला असे रंगवणाऱ्या दुच्चोला आयुष्य दे.

१५०६ मध्ये हा पट वेदीवरून उतरवला गेला आणि १७७१ मध्ये तो करवतीने कापला. दोन्ही बाजू दोन वेदींवर लावता याव्यात म्हणून पुढची आणि मागची बाजू एकमेकींपासून वेगळ्या केल्या. लहान फळ्या सुट्या झाल्या आणि पुढे विकल्या गेल्या. मोठा भाग आजही सिएनातच आहे. पण मागच्या बाजूला तळाशी जी पट्टी होती, येशूच्या कार्याचे प्रसंग सांगणारी, तिच्यातल्या उरलेल्या आठ चित्रांपैकी दोन सिएनात राहिली, दोन लंडनला आली, एक वॉशिंग्टनला गेले, एक न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात, एक माद्रिदला आणि एक टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला. ही आठही चित्रे या प्रदर्शनात, सुमारे अडीचशे वर्षांनी प्रथमच, शेजारी शेजारी ठेवली होती. त्या अर्ध्या तासाचे तिकीट होते. ते मी तीनदा काढले.

शेजारी ठेवल्याने काय होते ते सांगतो. लंडनच्या दोन चित्रांपैकी एकात येशू एका आंधळ्याच्या डोळ्यांना बोट लावतो आहे. तोच माणूस चित्राच्या उजव्या कडेला पुन्हा उभा आहे. डोळे धुऊन झाले आहेत, काठी गळून पडली आहे आणि मान वर करून तो बघतो आहे. कुणाकडे? चित्र एकटे असले तर तो चौकटीच्या लाकडाकडे बघतो. पुढच्या चित्रात डोंगरावर उजळून निघालेला येशू आहे. हा माणूस त्याच्याकडे बघतो आहे! जन्मात पहिल्यांदा दृष्टी आली आणि पहिले दिसले ते हे. त्याच्यापुढे टेक्सासहून आलेले चित्र : येशूने मेलेल्यातून उठवलेला लाझारस कापडात गुंडाळलेला थडग्याच्या दारात उभा आहे आणि बाजूचा एक गृहस्थ दुर्गंधीने नाकावर कापड धरून आहे. दुच्चोने आधी ते थडगे आडवे रंगवले होते, मग मन बदलून उभे केले, हे तज्ज्ञांना तपासणीत दिसले आहे. डोळे उघडणे, उजेड, मरणातून उठणे अशी ती ओळ आहे. २०१४ मध्ये त्यातली लंडनची दोन चित्रे माझ्या वाटेतच असणार. मला ती आठवतही नाहीत.

डावीकडच्या चित्रांबद्दलही लिहिण्यासारखे खूप आहे. माद्रिदच्या चित्रात विहिरीच्या कठड्यावर येशू बसला आहे आणि समोर डोक्यावर घागर घेतलेली बाई उभी आहे. माझी पत्नी तिच्यापुढून हलेना. फ्रिकच्या चित्रात डोंगराच्या पायथ्याशी खेळण्यातल्यासारखी गुलाबी, पांढरी शहरे आहेत. सैतान तीच येशूला देऊ करतो आहे.

आता 'चर्चमधली चित्रे' या शब्दाबद्दल. विषय धर्माचा आहे हे खरेच. पण ज्याने आयुष्यभर मुलांच्या हातात ब्रश दिला, त्याला तिथे आधी काम दिसते. पॉपलरच्या फळीवर पांढरे अस्तर, सोने बसायचे तिथे तांबडी माती, तिच्यावर वर्ख, मग घोटून आणलेली चकाकी. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले. ते लगेच वाळतात, म्हणून केसासारख्या रेघांनी चेहरा उभा करावा लागतो. त्वचेखाली आधी हिरवट मातीचा हात दिलेला असतो. शतकांनी वरचा गुलाबी विरला की तो हिरवा डोकावतो आणि लोकांना वाटते चेहरे आजारी आहेत. मेरीच्या झग्याचा उंची निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. अजिंठ्याच्या भिंतींवरही लाजवर्द आहे. एकच माणूस एका चित्रात दोनदा दाखवून गोष्ट पुढे नेण्याची रीतही आपण अजिंठ्यात पाहतो. हे पाहायला ख्रिस्ती असावे लागत नाही.

त्याच प्रदर्शनात सिमोने मार्तिनी या सिएनाच्याच चित्रकाराचे १३४२ सालचे एक छोटे चित्र होते, एरवी लिव्हरपूलला असते ते. बारा वर्षांचा येशू न सांगता मंदिरात थांबला, आईबापांनी शोधून शोधून त्याला परत आणले, तो प्रसंग. आई बसल्या जागेवरून हात पुढे करून विचारते आहे, बाप मुलाला पुढे सारतो आहे आणि मुलगा हाताची घडी घालून गप्प उभा आहे. एकतीस वर्षे मी तो चेहरा वर्गात पाहिला आहे. सिमोनेचाच एक घडीचा छोटा पटही होता, प्रवासात नेता येईल असा. त्याच्या फळ्या अँटवर्प, बर्लिन आणि पॅरिस अशा तीन शहरांत वाटल्या गेल्या आहेत. तोही इथे एकत्र उभा केला होता, पाठीमागची रंगकामाने केलेली संगमरवराची नक्कल दिसेल असा. लोरेन्झेत्ती या सिएनाच्या चित्रकार बंधूंच्या दालनात मी कमी थांबलो, पाय दुखत होते. १३४८ च्या प्लेगमध्ये ते दोघेही गेले असावेत असे मानतात. सिएनाने कॅथीड्रलचा जो प्रचंड विस्तार काढला होता तोही त्यानंतर अर्धवटच राहिला. त्याची उघडी भिंत आजही शहरात उभी आहे.

तिकिटाचे पैसे कुठे जातात, याचाही विचार व्हावा. सातशे वर्षांचे लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगते, आकसते आणि त्यावरचा रंग सुटू शकतो. म्हणून अशी फळी खास पेटीत, ठरावीक तापमानात, सोबत संग्रहालयाचा माणूस देऊन पाठवतात. विम्याच्या रकमा इतक्या मोठ्या असतात की ब्रिटनमध्ये सरकार स्वतः हमी घेते. आणि चित्र देणाऱ्याची भिंत तेवढे महिने रिकामी राहते. टेक्सासला लाझारस पाहायला गेलेल्या माणसाला त्या काळात तो दिसला नसेल. एवढे सगळे जुळवून आणलेली गोष्ट केवळ साडेतीन महिने पाहायला मिळते. कायमच्या दालनातले चित्र पुढच्या खेपेला बघता येईल. हे येणार नाही.

उसनवारीने आलेल्या वस्तूचे मोल आपल्याला कळत नाही असे नाही. जुलै २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा मी नातवाला घेऊन रांगेत उभा होतो. पुढे-मागे शेतकरी होते, शाळेच्या सहली होत्या. तीच ओढ जोडून दाखवलेल्या चित्रांबद्दलही वाटू शकते, कुणी आधी नीट सांगितले तर.

असे काम मुंबईने केलेले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. मेवाडच्या राणा जगत सिंहाने सतराव्या शतकाच्या मध्यावर रामायणाची एक भव्य सचित्र पोथी करवून घेतली. तिची कांडे पुढे वाटली गेली. काही ब्रिटिश लायब्ररीत, काही भारतातल्या वेगवेगळ्या संग्रहांत आणि त्यातली काही पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. २०१४ मध्ये ब्रिटिश लायब्ररी आणि मुंबईचे हे संग्रहालय यांनी मिळून ती पोथी संगणकाच्या पडद्यावर एकत्र आणली. हे मोठे काम आहे आणि त्यामुळे ती घरबसल्या पाहता येऊ लागली. पण पडद्यावर सोने हलत नाही. लंडनच्या त्या मंद उजेडाच्या दालनात मी पाऊलभर सरकलो की दुच्चोचे सोने पेटायचे, पुन्हा सरकलो की विझायचे. त्या काळी ते मेणबत्त्यांच्या उजेडात बघत, हे तिथे उभे राहिल्यावरच समजले.

म्हणून आपल्याकडे दोन मागण्या करतो. पहिली, मराठी माणसे आता हजारोंनी युरोपला जातात, लंडन-पॅरिसला मुलाबाळांकडे राहतात. मोठ्या प्रदर्शनांच्या तारखा आणि त्यात कुठून काय येते आहे हे आपल्या पुरवणीत वेळेवर छापावे. मला ही बातमी मुलीच्या शेजारणीकडून कळली, ती कळली नसती तर मी पुन्हा सूर्यफुले पाहून परतलो असतो. गेल्या पंधरवड्यातच एका परिचितांनी सहलीचा कार्यक्रम दाखवला, त्यात फ्लॉरेन्सला चार तास आहेत आणि सिएना नाहीच. निदान तिथे जाणाऱ्याला आयोजकांकडे मागणी तरी करता यावी.

दुसरी मागणी घरची आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्या म्हणजे सुट्या कागदांवरची चित्रे. ठाकर कलावंत एकेक पान समोर धरून रामायण-महाभारतातले आख्यान गातो. पान गेले की तेवढी गोष्ट गेली. यातली कितीतरी पाने सुटी होऊन देश-परदेशातल्या संग्रहांत पोचली आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथी आहेत. एखादी पोथी निवडून तिची पाने कुठे कुठे आहेत याचा शोध घ्यावा, ती उसनी आणावीत, क्रमाने एका भिंतीवर लावावीत आणि पिंगुळीच्याच कलावंताने तिथे उभे राहून ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गावी. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने हे मनावर घ्यावे म्हणून आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा, ही विनंती. तिकीट लावले तरी चालेल. पहिल्या दिवशी रांगेत मी असेन, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
सातारा